गाण्यातली भर कशी काढायची आणि पुनरावृत्ती कुठे ठेवायची

चालीवर शब्द बसवताना एक-दोन मात्रा उरतात आणि तिथे 'रे', 'ना', 'आता', 'आज', 'हा', 'तो' येऊन बसतात. हेच भरीचे शब्द. प्रकार जुनाच आहे: अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात तु, हि, च, स्म, ह, वै ही अव्ययं पादपूरणाची, म्हणजे चरण भरून काढण्यासाठीची म्हणूनच नोंदवली आहेत. त्यामुळे भर घातली म्हणून लाजायचं कारण नाही. ती नको त्या मात्रेवर पडली, की मात्र ओळ पोकळ वाजते.

आधी मात्रा मोजा. ऱ्हस्व अक्षराची 1, दीर्घाची 2. पुढच्या जोडाक्षराचा आघात येत असेल तर आधीच्या ऱ्हस्वाच्याही 2. तालाची एक फेरी म्हणजे आवर्तन, आणि तिची पहिली मात्रा म्हणजे सम. केरवा या तालाचं आवर्तन 8 मात्रांचं, दादऱ्याचं 6. आता केरव्याच्या दोन आवर्तनांत बसणारी ही ओळ घ्या:

वाट पाहते रे मी आता

हिशोब चोख आहे, 8 आणि 8. पण दुसऱ्या आवर्तनाच्या समेवर आलाय 'रे', आणि पाचव्या मात्रेवर 'आ'. आवर्तनाचे दोन्ही भाग जिथे सुरू होतात तिथेच बिनकामाचे शब्द उभे आहेत. गाणारीच बोलतेय, म्हणून 'पाहते'मध्ये 'मी' आलाच आणि वर्तमानकाळात 'आता'ही आला. अर्धी ओळ फुकट गेली. तीच ओळ अशी करा:

वाट पाहते दिवा विझेतो

दि 1, वा 2, वि 1, झे 2, तो 2, पुन्हा 8. आता समेवर दिवा आला आणि पाचव्या मात्रेवर नेमका 'झे'. शेवटी 'ओ' हा मोकळा स्वर असल्यामुळे गाणाऱ्याला तो हवा तेवढा ओढता येतो.

शब्द भरीचा आहे का हे ओळखायला तो खोडून पाहणं पुरत नाही, कारण खोडला की चाल मोडते आणि मन फसतं. त्याऐवजी तितक्याच मात्रांचा दुसरा शब्द घाला. 'आता'च्या जागी 'येथे' किंवा 'नुसती' टाकूनही काही बिघडलं नाही, तर तो भरीचा. 'रे' आणि 'गं' यांना मात्र सरसकट फाशी देऊ नका. कोण कुणाशी बोलतंय आणि किती जवळिकीनं, हे त्या एका अक्षरातून कळतं. मुखड्यात, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या ध्रुवपदात, एकदा आलं की काम झालं. दर ओळीत आलं की ते खुंटी बनतं.

पुष्कळदा दोष शब्दांचा नसून चालीचा असतो. 'घर', 'मन', 'पाऊस' हे शब्द बोलताना व्यंजनावर संपतात. त्यांच्या शेवटी चालीनं लांब स्वर मागितला, की गाणारा 'मनऽऽ' करतो, ते कानाला बरं वाटत नाही म्हणून पुढे 'रे' चिकटतो. अशा जागी दीर्घ स्वरान्त शब्दच शोधा. वरच्या पट्टीत 'आ', 'ओ' सहज लागतात, 'ई' आवळतो. यमकासाठी ओळीच्या टोकाला भर पडत असेल, तर यमकाचा शब्द आधी ठरवून ओळ उलटी लिहीत या.

आता पुनरावृत्ती. 'थेंब थेंब' ही भर नव्हे. मराठीत द्विरुक्तीला स्वतःचा अर्थ असतो, आणि 3 अधिक 3 मात्रांत दादऱ्याचं एक आवर्तन नेमकं भरतं. तिसरा 'थेंब' आला, की अर्धं आवर्तन लोंबकळतं. तिथे चौथा घाला किंवा वाद्यांना जागा सोडा. तीनदाच म्हणायचं असेल तर तिहाईसारखं, एकच तुकडा तीनदा म्हणून समेवर येईल असं बेता, म्हणजे तिसऱ्या वेळचं शेवटचं अक्षर समेवर पडेल. कोरसला ओळीचा मागचा भाग द्यायचा तर पूर्ण शब्दावर तोडा. 'दिवा विझेतो' चालेल. 'झेतो, झेतो' म्हणजे शब्दाचं हाड मोडणं.

दोन अंतऱ्यांच्या, म्हणजे दोन कडव्यांच्या गाण्यात मुखडा किमान तीनदा येतो, सुरुवातीला दुहेरी म्हटला तर चारदा. प्रत्येक वेळी तो तसाच ऐकू आला तर दुसऱ्या अंतऱ्यापर्यंत कान कंटाळतो. मुखडा बदलू नका, त्याच्या आधीचं बदला. समजा, पहिल्या अंतऱ्यात तेल संपत आलंय, वात काजळली आहे. मुखड्यातला दिवा घरातला. दुसऱ्या अंतऱ्यात वाट पाहणारीला समोरचं माणूस नीट दिसेनासं झालंय; आता तोच दिवा तिच्या डोळ्यांतला. अक्षरही न बदलता ओळ नवी होते. मात्र अंतऱ्यातही शब्द दुहेरी घातले तर हा परिणाम बुडतो. मुखड्यात पुनरावृत्ती करा, अंतरा सरळ ठेवा.

शेवटी चाल बाजूला ठेवून सगळं गाणं गद्यासारखं मोठ्यानं वाचा. जीभ जिथे आपोआप शब्द गाळते, त्या जागांवर पेन्सिलीनं खुणा करून त्या पुन्हा ठेक्यावर तपासा. चार ओळींच्या कडव्यात भरीचा एखादा शब्द राहिला आणि तो समेपासून दूर असला, तर खुशाल राहू द्या.