नवं ग्राफिक्स कार्ड, जुना पॉवर सप्लाय: या चुका टाळा

गेम सुरू केला की पहिली दहा-पंधरा मिनिटं सगळं झकास चालतं. मग एखादी मोठी लढाई सुरू होते, पडदा धुराने आणि स्फोटांनी भरतो, आणि कॉम्प्युटर एकदम बंद. निळा स्क्रीन नाही, एरर नाही, कुणी प्लग उपटल्यासारखा. परत चालू केला की ठणठणीत. ब्राउझर, सिनेमे, रोजचं काम, कशातच तक्रार नाही.

माझ्याकडे हे सुरू झालं तेव्हा मी तीन आठवडे नव्या कार्डाला दोष देत बसलो. ड्रायव्हर बदलले, विंडोज नव्याने टाकलं, शेवटी कार्डच बदलून घेतलं. दुसरं कार्डही तसंच वागलं. दोष सहा वर्षं जुन्या पॉवर सप्लायमध्ये, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्यात होता. त्याच्यावर ६५० वॉट लिहिलेलं होतं आणि माझी बेरीज ४५० च्या आत बसत होती, म्हणून त्याचा संशयच आला नव्हता.

ती बेरीज कुठे चुकली, ते आधी सांगतो. बहुतेक जण इथेच फसतात.

प्रोसेसरच्या नावापुढे दिसणारा वॉटचा आकडा म्हणजे त्याची कमाल भूक नव्हे. कोअर आय७-१२७०० चा मूळ आकडा ६५ वॉट, पण टर्बोत, म्हणजे पूर्ण जोर लावताना, तो १८० वॉटपर्यंत जातो. आय९-१३९००के १२५ वरून २५३ वर जातो. म्हणजे ‘६५ वॉटचा प्रोसेसर आणि ३२० वॉटचं आरटीएक्स ३०८० कार्ड, वर पन्नासेक वॉट’ हे गणित कागदावर ४३५ येतं, प्रत्यक्षात ५५० च्या घरात.

आणि तेही सरासरीचं गणित झालं. ग्राफिक्स कार्ड वीज एकसारखी ओढत नाही. दृश्य बदललं की काही मिलिसेकंदांसाठी त्याची मागणी ठरलेल्या आकड्याच्या कितीतरी वर उसळते. सॉफ्टवेअरमधल्या आलेखात ही उसळी दिसतच नाही, कारण तिथे रीडिंग फार सावकाश घेतलं जातं. पॉवर सप्लायला मात्र ती लगेच जाणवते. त्याचं संरक्षण सर्किट समजतं की कुठेतरी गडबड झाली, आणि ते सगळं बंद करतं. २०२० मध्ये आरटीएक्स ३०८० आणि ३०९० आल्यावर अशा तक्रारी खूप ऐकू आल्या. पॉवर सप्लायसाठीच्या २०२२ च्या एटीएक्स ३.० मानकात याचं उत्तर आहे: नव्या मोठ्या कार्डांसाठीचा १६ पिनी जोड असलेल्या, ४५० वॉटच्या वरच्या पॉवर सप्लायने १०० मायक्रोसेकंदांपुरती दुप्पट मागणीही झेलली पाहिजे. नवं कार्ड घेणार असाल तर पॉवर सप्लाय एटीएक्स ३.० किंवा ३.१ पाहूनच घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे.

मी आता हिशोब असा करतो: प्रोसेसरची टर्बोतली कमाल, कार्डाचा आकडा, बाकी सगळ्यासाठी ६० वॉट, आणि या बेरजेच्या वर निदान एक-तृतीयांश मोकळी जागा. वरच्या उदाहरणात ५६० येतात, म्हणजे ७५० वॉट. एनव्हिडियाने ३०८० साठी सुचवलेला आकडाही तोच. उलट टोकाला जाऊन १२०० वॉटचा घेण्याची गरज नाही. त्याने वीज जास्त जळत नाही, कारण पॉवर सप्लाय मागणीपुरतीच वीज ओढतो, पण ते पैसे कार्डात घातलेले बरे.

खोक्यावरचा आकडा पुरेसा नाही

पॉवर सप्लायच्या अंगावर एक तक्ता चिकटवलेला असतो. त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते बघा आणि १२ ने गुणा. आजचे प्रोसेसर आणि कार्ड जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टवरूनच घेतात. ६५० वॉटच्या एका पॉवर सप्लायवर ५४ अँपिअर असतील तर ६४८ वॉट झाले, उत्तम. दुसऱ्या ६५० वाल्यावर ३८ अँपिअर असतील तर कामाचे ४५६ वॉटच. उरलेले ३.३ आणि ५ व्होल्टच्या वाट्याला गेलेत, जिथे आज फारसं कुणी मागत नाही.

‘गोल्ड’ म्हणजे दर्जा, हा समज

८० प्लस हा शिक्का कार्यक्षमतेचा आहे: भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किती आत पोहोचते आणि किती उष्णतेत जाते. ती चाचणीही २३ अंश सेल्सिअसला होते, कॅबिनेटच्या आत गेम खेळताना असते त्या गरमीत नाही. व्होल्टेज किती स्थिर राहतं, संरक्षण नीट चालतं का, हे त्या शिक्क्यावरून कळत नाही. एकाच ब्रँडच्या दोन मालिका वेगवेगळ्या कारखान्यांत बनलेल्या असू शकतात, म्हणून नावावरही जाऊ नका. नेमक्या मॉडेलची, खोलून केलेली तपासणी वाचा. १०५ अंशांपर्यंत टिकणारे कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) आणि सात ते दहा वर्षांची वॉरंटी दिसली तर मला भरवसा वाटतो.

केबलच्या चुका

इथे नुकसान सर्वांत मोठं होतं. मॉड्युलर, म्हणजे केबल सुट्या होणारा, पॉवर सप्लाय बदलताना जुन्या केबल तशाच ठेवून फक्त डबा बदलू नका, कितीही कंटाळा आला तरी. पॉवर सप्लायच्या बाजूची पिनांची मांडणी प्रमाणित नाही. केबल बसते, पण ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जाऊ शकतात आणि एसएसडी, हार्ड डिस्क जळतात. त्यातला डेटाही गेला.

प्रोसेसरची आठ पिनी केबल आणि कार्डाची आठ पिनी केबल यांच्यात गोंधळ करू नका. पहिली ४+४, दुसरी ६+२. जबरदस्ती करावी लागतेय असं वाटलं की हात थांबवा. मोठ्या कार्डाला दोन आठ पिनी जोड असतील तर दोन स्वतंत्र केबल लावा. एकीच्याच शेपटीला दुसरा जोड असतो, त्यावर भागवू नका. साटावरून (डिस्कला वीज देणाऱ्या जोडावरून) आठ पिनी करणारा अडॅप्टर तर वापरूच नका. साटा जोडाची १२ व्होल्टवरची क्षमता ५४ वॉट, आणि आठ पिनी जोडाला १५० लागू शकतात.

१६ पिनी जोड अर्धवट बसला तर तापतो आणि वितळतोही. पूर्ण आत ढकला, दिव्याच्या उजेडात फट नाही ना बघा, आणि जोडापासून तीन-चार सेंटीमीटर केबल सरळ ठेवा.

बंद पडतोय, मग नेमकं काय तपासायचं?

पडदा काळा झाला पण पंखे फिरतायत, तर संशय कार्ड, ड्रायव्हर किंवा डिस्प्ले केबलवर. सगळंच एका क्षणात विझलं तर पॉवर सप्लायवर. मात्र प्रोसेसर फार तापला तरी असंच होतं, म्हणून तापमान आधी बघा. यूपीएस असेल तर काही दिवस थेट भिंतीला जोडून पाहा. काही स्वस्त यूपीएसमधून येणाऱ्या विजेचा तरंग (वेव्हफॉर्म) आधुनिक पॉवर सप्लायला मानवत नाही.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमधली ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद पाहून निष्कर्ष काढू नका. कॉम्प्युटर नीट बंद झाला नव्हता, एवढंच ती सांगते. त्यापेक्षा कार्डाची पॉवर लिमिट (वीज ओढण्याची मर्यादा) ७० टक्क्यांवर आणून तोच गेम खेळा. बंद पडणं थांबलं तर पॉवर सप्लायवरचा संशय बराच पक्का होतो. मी हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. हिरवी आणि काळी तार जोडून पंखा फिरवण्याच्या चाचणीत भार काहीच नसतो, तिच्यावरून पॉवर सप्लाय चांगला ठरत नाही. खात्री करायची असेल तर मित्राचा चांगला पॉवर सप्लाय, त्याच्याच केबलसकट, दोन दिवस लावून बघा.

आणि दोष सापडला तरी तो डबा स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वरचा विद्युतभार काही काळ टिकून राहू शकतो.