अपडेट बंद झालेला जुना कॉम्प्युटर सुरक्षित कसा वापरावा

नाशिकमधल्या सातपूर-अंबडच्या छोट्या वर्कशॉपमध्ये किंवा शहरातल्या एखाद्या डीटीपीच्या दुकानात विंडोज ७ चा कॉम्प्युटर दिसला तर नवल नाही. मशीन चालतं, हिशेब त्यातच आहेत, मराठीचे जुने फॉन्टही त्यातच. ते फेकून द्या असं मी सांगणार नाही. पण त्याच मशीनवरून बँकेत लॉगिन करणं मात्र आजच थांबवा.

आधी माय कॉम्प्युटरवर (विंडोज १० मध्ये ‘धिस पीसी’वर) राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये कोणतं विंडोज आहे ते बघा. विंडोज ७ ची अपडेट्स १४ जानेवारी २०२० ला संपली, विंडोज १० ची १४ ऑक्टोबर २०२५ ला. विंडोज १० असेल तर अपडेटच्या पानावर वाढीव सुरक्षा अपडेट्ससाठी नोंदणीचा पर्याय शोधा. घरगुती वापरासाठी ती मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जाहीर झाली आहे.

अँटिव्हायरस आहे म्हणून निर्धास्त राहू नका. विंडोजमधली भोकं तो बुजवत नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा रॅन्समवेअर, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस, जगभर पसरला, तेव्हा त्यावरची दुरुस्ती मार्चमध्येच आली होती. ज्यांनी ती टाकली नव्हती, त्यांच्या फायली कुलूपबंद झाल्या.

मशीन फक्त हिशेबाला किंवा टायपिंगला लागत असेल तर इंटरनेटची केबल काढा, वायफाय बंद करा. सगळ्यात मोठा फरक यानेच पडतो. मग धोका उरतो पेन ड्राइव्हचा. ऑटोप्ले (पेन ड्राइव्ह लावताच आपोआप उघडण्याची सोय) बंद करा आणि गिऱ्हाइकाने आणलेला पेन ड्राइव्ह आधी अपडेट असलेल्या दुसऱ्या मशीनवर तपासा.

बॅकअप बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या आणि काम झालं की ती काढून ठेवा. लावूनच ठेवलेली डिस्क रॅन्समवेअर मूळ फायलींसोबत लॉक करून टाकतं; बऱ्याच दुकानांत ती कायम जोडलेलीच असते, याची मला खरी काळजी वाटते.

इंटरनेट हवंच असेल तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम टाका. ते मोफत आहे आणि ४ जीबी रॅमवर बरं चालतं. आधी पेन ड्राइव्हवरून सुरू करून प्रिंटर चालतो का बघा, बॅकअप घ्या, मगच इन्स्टॉल करा. टॅली मात्र त्यावर थेट चालत नाही, तेव्हा हिशेबाचं मशीन वेगळंच ठेवा.

ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड पुसा आणि ते दुसऱ्या, अपडेट असलेल्या मशीनवरून बदला. खात्यातून पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा. पैसे पुढच्या खात्यांत फिरण्याआधी तक्रार पोचली तर ते रोखता येण्याची शक्यता जास्त असते.