लिनक्सवर रेकॉर्डिंग करताय? आधी या चुका टाळा

"आवाज फुटतोय, लिनक्सच भिकार आहे." असा मेसेज मला अधूनमधून येतोच. बहुतेक वेळा सेटिंग शिकवणारा पाच मिनिटांचा व्हिडिओ अडीच मिनिटांवर सोडलेला असतो.

माझ्या डोक्यात जाणारी पहिली चूक ऑडिओ ग्रुपची, म्हणजे आवाजाचे खास अधिकार मिळणाऱ्या यूजर्सच्या गटाची. गेल्या पावसाळ्यात कळव्याहून तबला वाजवणाऱ्या एका पोराचा फोन आला. "दादा, पासवर्ड बरोबर टाकतोय, तरी मशीन मला सुडो वापरू देत नाही." सुडो म्हणजे अ‍ॅडमिनचे अधिकार वापरायची कमांड. ऐरोलीहून ठाणे, तिथून कळवा, भिजत पोचलो. आर्डरला (रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर) रिअलटाइम प्रायॉरिटी, म्हणजे प्रोसेसरकडे पहिला नंबर, मिळावी म्हणून त्याने स्वतःला ऑडिओ ग्रुपमध्ये घातलं होतं, आणि ते बरोबर घातलं होतं! फक्त लॉगआउट केलं नव्हतं. परत लॉगइन केल्याशिवाय नवा ग्रुप लागू होत नाही. फरक दिसेना म्हणून साहेबांनी दुसऱ्या व्हिडिओतली कमांड मारली: यूजरमॉड, पुढे कॅपिटल जी, पण सोबतचा स्मॉल ए गायब. तो ए म्हणजे 'आहे त्यात भर घाल'. तो नसला की पुढच्या लॉगइनला बाकीचे जोडलेले ग्रुप उडालेले असतात, सुडोसकट. रिकव्हरी मोडमधून त्याला परत सुडोत बसवलं, तोवर त्याच्या आईने दोनदा चहा केला.

तेव्हापासून माझी सवय: आधी 'ग्रुप्स' कमांड चालवून यादी वहीत उतरवायची. बदल केला की लॉगआउट, मग 'यूलिमिट मायनस आर', म्हणजे किती रिअलटाइम प्रायॉरिटी मिळू शकते ते दाखवणारी कमांड. शून्य आलं तर ती प्रायॉरिटी ठरवणारी लिमिट्सची फाइल लागू झालेलीच नाही, पुढे जाऊ नका.

दुसरा आजार ६४ च्या बफरचा. बफर म्हणजे प्रोसेसर एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा, फ्रेममध्ये मोजलेला. ४८००० हर्ट्झला ६४ फ्रेम म्हणजे जेमतेम १.३ मिलिसेकंद. तेवढ्यात प्रोसेसरने काम उरकलं नाही की झालं एक्सरन, आणि आवाजात टक्. २५६ ला ५.३ मिलिसेकंद होतात. गाणाऱ्याला तेवढा उशीरही जाणवला तर इंटरफेसवरचं (माइक कॉम्प्युटरला जोडणारा डबा) डायरेक्ट मॉनिटरिंग चालू करा, म्हणजे आवाज कॉम्प्युटरला वळसा न घालता थेट हेडफोनात येतो. ते बटण शोभेला नाही. मिक्सिंगला मी सरळ १०२४ ठेवतो. तिथे घाई कसली?

प्रोसेसरचा गव्हर्नर (त्याचा वेग ठरवणारी सेटिंग) पॉवरसेव्हवर ठेवून, वर बॅटरीवर रेकॉर्डिंग करू नका.

इंटरफेस स्वस्त यूएसबी हबमध्ये खुपसू नका.

पाइपवायर (लिनक्समध्ये आवाजाची ने-आण करणारी नवी यंत्रणा) असताना जुना लेख वाचून वेगळा जॅक सर्व्हर (तेच काम करणारी जुनी यंत्रणा) चालवू नका. पाइपवायरचा जॅकवाला भाग टाकलात की आर्डरचं भागतं.

रिअलटाइम कर्नल, म्हणजे वेळेला पक्का असा लिनक्सचा गाभा? त्यासाठीचं प्रीएम्प्ट आरटी २०२४ मध्ये ६.१२ पासून मुख्य कर्नलमध्ये आलंय. पण बफर, ग्रुप, गव्हर्नर तपासायच्या आधी कर्नल बदलणाऱ्यांचा फोन मी उचलत नाही.

आणि शनिवारी गायक येणार असेल तर शुक्रवारी रात्री अपग्रेड मारू नका. माझ्याकडे रेकॉर्डिंगच्या आठवड्यात ब्राउझरसुद्धा अपडेट होत नाही.