एका सकाळीत गावच्या वास्तू बघायच्या तर

उन्हाळ्यात निघणार असाल तर सहाला बाहेर पडा आणि नऊच्या आत आटपा. विदर्भाचं ऊन हे एक कारण झालंच, पण खरं कारण उजेडाचं. सकाळचं तिरपं ऊन पडलं की दगडावरचं झिजलेलं कोरीव काम, भिंतीला आलेलं पोट, गिलाव्याखाली बुजवलेली जुनी कमान, सगळं उठून दिसतं. बाराच्या उन्हात तीच भिंत सपाट वाटते. सोबत पाच मीटरचा टेप, दमदार टॉर्च, वही-पेन्सिल आणि पाणी घ्या.

गढी असो की बसस्टँड, समोर उभं राहून तीन गोष्टी शोधा: भार कुठून खाली उतरतो, पाणी कुठं जातं आणि ऊन कसं अडवलंय. सन आणि राजवट मागाहून बघता येते. या तीन प्रश्नांनी जुनं-नवं एकाच मापानं मोजता येतं.

देवळापासून सुरुवात करा. बुलढाणा, अकोला, अमरावतीकडे बहुतेक काळा पाषाण; चंद्रपूर-गडचिरोलीकडे वालुकाश्म. वैनगंगेकाठच्या मार्कंड्याची देवळं आणि चंद्रपूरचा गोंडकालीन परकोट बघितला की हा फरक डोळ्यांत बसतो. काळ्या दगडाचं प्रत्येक देऊळ हेमाडपंती म्हणून मोकळं होऊ नका. हेमाद्री हा तेराव्या शतकातला यादवांचा मंत्री. त्याच्या नावावर खपणारी कित्येक देवळं त्याच्या आधीची आहेत. त्यापेक्षा सांधे बघा. दोन दगडांमध्ये चुना नसतो. घडीव दगड एकमेकांच्या वजनावर आणि खाचांवर बसवलेले असतात. मंडपात मधोमध उभं राहून टॉर्च वर मारा. चौकोनाचे चारी कोपरे तिरक्या शिळांनी कापलेले दिसतील, त्यावर लहान चौकोन, पुन्हा कोपरे, आणि शेवटी एकच शिळा. कमान न वापरता छत पेलायची ही युक्ती मान दुखेपर्यंत बघावी अशीच आहे.

दरवाज्याच्या माथ्यावर मधोमध गणपती दिसला म्हणून देऊळ गणपतीचं ठरत नाही. तो शुभचिन्ह म्हणूनही असतो. भिंतीत पिंपळ उगवलाय का ते मागच्या बाजूनं जाऊन बघा. भिंत दुहेरी असते, आतबाहेर घडीव दगड आणि मध्ये भर. मुळं त्या भरीत शिरली की बाहेरचा थर सुटतो. अशा ठिकाणी सांध्यांत सिमेंट भरलेलं सापडतं. त्यानं आत गेलेलं पाणी बाहेर पडायची वाट बंद होते. ऑइलपेंटचंही तेच. शिल्पावर पाणी किंवा तेल टाकून फोटो काढू नका, खडूही फिरवू नका.

मग जुन्या वस्तीत या, इथे वेळ जाऊ द्या. वाड्याच्या ढेलजेत, म्हणजे दारालगतच्या ओसरीत, थांबून हाक मारा, परवानगी मिळाल्यावरच आत जा. मातीची भिंत किती जाड आहे ते दरवाज्याच्या चौकटीत टेप लावून मोजा. दोन ते तीन फूट भरेल. दिवसभराचं ऊन आत पोचायला तिला रात्र होते. धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं घर असेल तर खालून वर बघा: सागाचे खांब, त्यावर तुळया, तुळयांवर कड्या (आडवी बारीक लाकडं), कड्यांवर काड्यांचा किंवा फळ्यांचा थर आणि वर माती. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे खण, साधारण पाच-सहा फुटांचा. घर किती खणांचं, हे घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. भागांची खरी नावं त्यांच्याच तोंडी असतात. धाब्यावर दरवर्षी नवी माती चढते, जुनी कोणी उतरवत नाही. वजन वाढतं आणि तुळई मध्ये लवते. दोरी ताणून बघा, लगेच कळतं.

मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा, हा सगळ्यात जास्त दिसणारा घात. माती ओल घेते आणि सोडते. सिमेंट ती सोडू देत नाही. लोणा, म्हणजे ओलीबरोबर वर येणारा खार, जमिनीपासून कंबरेपर्यंत चढतो, पोपडे पडतात आणि गिलाव्यामागे भिंत भुसा होते. बोटानं ठोका, पोकळ आवाज आला तर आतून सुटलंय.

मातीचं घर म्हणजे मागासलेलं, असा समज असेल तर वर्ध्याजवळ सेवाग्रामला जाऊन गांधीजींची बापू कुटी बघा. माती, बांबू, कवेलू. भिंतीवर गांधीजींच्या शिष्या मीराबेननं मातीतच उठावानं काढलेली झाडं. विचारानं ती विदर्भातली फार आधुनिक वास्तू आहे.

कापसातली सरकी काढणारी जुनी जिनिंग गावात असेल तर लांब शेड आणि तिच्याशेजारची, गाठी बांधणाऱ्या प्रेसची उंच इमारत बाहेरून तरी बघाच. विटांचे खांब, लोखंडी कैच्या (छप्पर पेलणारे त्रिकोणी सांगाडे), मंगलोरी कवेलू: लांब गाळा मधल्या खांबाशिवाय कसा झाकला ते कैची दाखवते.

आता ग्रामपंचायत, शाळा, बसस्टँड. स्लॅबच्या इमारतीत भार बीम-कॉलमवर असतो, भिंत नुसता आडोसा. छज्जा मोजा. मे महिन्यात दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असल्यानं दक्षिणेला दोन फुटांचा छज्जा पुरतो. पश्चिमेला ऊन आडवं येतं, तिथे तो उपयोगाचा नाही. पश्चिमेला व्हरांडा, जाळी किंवा कडुनिंब ठेवलाय का ते बघा. असेल, तर बांधणाऱ्यानं डोकं वापरलंय. स्लॅबखाली तांबूस रेघा दिसल्या तर आतली सळई गंजून फुगतेय. पुढे तिथलंच काँक्रीट फुटून पडतं.

प्रत्येक वास्तूचे दोनच फोटो घ्या, एक समोरून आणि एक सांध्याचा जवळून, शेजारी टेप धरून. वहीत तीन प्रश्नांची उत्तरं लिहा, पाण्याच्या प्रश्नापुढे जागा मोकळी सोडा. मृगाचा पहिला जोराचा पाऊस झाला की छत्री घेऊन त्याच वाटेनं पुन्हा फिरा. कोणती पन्हाळ पाणी दूर फेकते आणि कोणती भिंतीच्या पायात सोडते, ते तेव्हाच लिहिता येतं.