आधी जागा मोकळी करा, मग दिशा बघा

नवशिके फेंगशुईच्या, म्हणजे घर मांडायच्या चिनी पद्धतीच्या, वस्तू आणतात आणि पसाऱ्यातच मांडतात. क्रम उलटा हवा.

१. अडगळ काढा, कोपरे झाडा. अर्धी बादली पाण्यात मूठभर खडेमीठ विरघळवून फरशी पुसा. लोखंडी कपाटाच्या पायांना ते पाणी लागू देऊ नका, गंज चढतो. जळगाव-धुळ्याच्या उन्हाळ्यात हे सकाळी आठच्या आत उरकलेलं बरं.

२. पारंपरिक फेंगशुईत दिशा होकायंत्रानं ठरते. मोबाइलचं चालेल, पण लोखंडी दार, पत्र्याची कोठी, कूलर यांच्यापासून चार-पाच फूट लांब उभे राहा. लोखंडाजवळ उत्तर चुकीची दाखवते. तीन ठिकाणी बघून जुळणारी दिशा धरा. होकायंत्राऐवजी दारावरून घरातले धन, नाती वगैरेंचे कोपरे ठरवायची नवी पद्धत वेगळी आहे, दोन्ही मिसळू नका.

निखाऱ्यावर धूप घालताना खिडक्या उघड्याच ठेवा. बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइड साचतो.