‘बाजारभाव’ या रकान्यात गेलेली दोन वर्षे: घरांच्या किमती आणि रोजगार यांवर संशोधन करू पाहणाऱ्यांसाठी

मुंबईतील घरांच्या किमती आणि इथला रोजगार यांचा संबंध तपासण्यासाठी जे विद्यार्थी पीएच.डी.ला नाव नोंदवतात, त्यांना मी आग्रहाने सांगतो की पहिले सहा महिने संगणकावर एकही रिग्रेशन, म्हणजे दोन बाबींतला संबंध आकड्यांनी मोजणारे गणित, चालवू नये. त्याऐवजी खरेदीखते आणि भाडेकरार एकेक करून वाचावेत. मी तसे केले नाही. त्यामुळे माझी जवळजवळ दोन वर्षे वाया गेली आणि त्याची हळहळ अजून पुरती गेलेली नाही.

सदनिकेचा दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवला गेला की त्याचा गोषवारा सूची क्रमांक दोनमध्ये, म्हणजे सर्वजण ज्याला इंडेक्स टू म्हणतात त्यात, उतरतो. त्यात आधी विलेखाचा प्रकार, मग मोबदला, म्हणजे दस्तात लिहिलेली विक्रीची रक्कम, आणि त्याखाली बाजारभाव असे रकाने येतात. व्यवहाराचा काही भाग रोखीने होतो हे लहानपणापासून ऐकत आल्यामुळे मोबदल्याच्या रकमेवर माझा विश्वास नव्हता. खालच्या रकान्यात ‘बाजारभाव’ असा स्वच्छ मराठी शब्द होता, म्हणून तोच आकडा मी किंमत म्हणून घेतला आणि हजारो दस्तांची फाइल त्यावर उभी केली.

तो आकडा बाजाराने ठरवलेला नसतो. नोंदणी व मुद्रांक विभाग दरवर्षी वार्षिक मूल्यदर तक्ता, म्हणजेच रेडी रेकनर, प्रसिद्ध करतो. त्यात प्रत्येक मूल्यविभागासाठी चौरस मीटरमागे दर दिलेला असतो. त्या दराला क्षेत्रफळाने गुणून, इमारतीचे वय वगैरे बाबी लक्षात घेऊन जे मूल्य निघते, ते ‘बाजारभाव’ म्हणून छापले जाते. मोबदला आणि हे मूल्य यांपैकी जे जास्त असेल त्यावर मुद्रांक शुल्क आकारता यावे, एवढ्यासाठी तो रकाना आहे. म्हणजे विकणाऱ्याने काय मागितले आणि घेणाऱ्याने काय मोजले याचा त्या आकड्याशी थेट संबंध नसतो. भांडुपच्या एकाच इमारतीतले, एकाच वर्षातले दोन दस्त मी नंतर शेजारी ठेवून पाहिले. बाजारभाव दोन्हींत तंतोतंत सारखा होता आणि मोबदल्यात नऊ लाखांचा फरक होता. ज्या फरकाचा अभ्यास करायला मी निघालो होतो, तोच मी फाइलमधून पुसून टाकला होता.

हे मला आधी का कळले नाही, तेही सांगायला हवे. वेतनाचे महिनावार आकडे हवेत म्हणून मी राज्याच्या किमान वेतनाचे दर विशेष भत्त्यासह घेतले होते. तो भत्ता 1 जानेवारीला आणि 1 जुलैला बदलतो. माझा अभ्यासकाळ 2010 ते 2015 होता आणि त्या काळात रेडी रेकनरचे नवे दरही 1 जानेवारीलाच लागू होत असत; 1 एप्रिलची पद्धत 2016 पासूनची आहे. साहजिकच घराची किंमत आणि वेतन यांच्यात इतका घट्ट संबंध दिसला, की प्रबंध जवळजवळ पूर्ण झाला असे मला वाटू लागले. विभागातील सादरीकरणात एका ज्येष्ठ प्राध्यापिकांनी आलेख पाहून एकच प्रश्न विचारला, “यातली प्रत्येक पायरी जानेवारीतच कशी?” माझ्याकडे उत्तर नव्हते. दोन शासकीय तक्ते एकाच तारखेला बदलत होते आणि मी त्याला श्रमबाजाराचा नियम समजलो होतो.

नवख्यांनी यावरून घाबरून जाऊ नये. मोबदल्याचा रकाना सदोष असला तरी कामाचा आहे, फक्त तो जपून वापरावा लागतो. मोबदला बाजारभावाला अगदी चिकटून असेल, तर तो दस्त वेगळा काढून पाहावा; उरलेली रक्कम रोखीने दिली गेली असू शकते. दस्तऐवज करून दिल्याचा दिनांक आणि नोंदणीचा दिनांक हे दोन रकाने वेगळे असतात. किमतीसाठी पहिला घ्यावा, कारण 2020 मध्ये सप्टेंबरपासून डिसेंबरअखेर मुंबईतील मुद्रांक शुल्क पाचावरून दोन टक्क्यांवर आणले गेले, तेव्हा नोंदण्यांची गर्दी सवलतीच्या मुदतीप्रमाणे झाली होती. क्षेत्रफळ कार्पेट आहे की बिल्टअप, हे दस्ताच्या मजकुरात वाचल्याशिवाय चौरस मीटरमागची किंमत काढू नये. रिझर्व्ह बँकेचा घरकिंमत निर्देशांकही नोंदणी कार्यालयांतील व्यवहारांवरच बेतलेला आहे, त्यामुळे तो ताडून पाहण्यासाठी घ्यावा. मात्र तो स्वतंत्र पुरावा ठरत नाही.

माझे स्पष्ट मत असे आहे की रोजगाराशी संबंध पाहायचा असेल, तर खरेदीच्या किमतीपेक्षा भाडे अधिक उपयोगी पडते. खरेदीच्या किमतीत पुढच्या भाववाढीची आशा मिसळलेली असते; भाडे मात्र महिन्याच्या पगारातूनच द्यावे लागते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 नुसार लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवणे बंधनकारक असल्यामुळे ही सामग्री उपलब्ध होऊ शकते. पागडीची घरे मात्र या हिशेबात मिसळू नयेत; त्यांचे भाडे 1947 च्या कायद्याने गोठवलेल्या काळातून आलेले आहे.

कार्यकारणाचा प्रश्न याहून अवघड आहे. वेतन, भाडे आणि शहरातील सोयी एकमेकांना एकाच वेळी घडवतात, हे अर्थशास्त्रज्ञ जेनिफर रोबॅक यांनी 1982 मध्ये मांडले, आणि ते समजून न घेता पुढे जाणे व्यर्थ आहे. अल्बर्ट सैझ यांनी 2010 मध्ये अमेरिकेतील शहरांभोवतीचे पाणी आणि उतार मोजून घरपुरवठ्याची लवचिकता, म्हणजे किमती वाढल्या की पुरवठा किती वाढतो हे, काढली. तेव्हापासून मुंबईचा समुद्र तसाच इन्स्ट्रुमेंट म्हणून, म्हणजे घरांच्या किमती बदलणारा पण रोजगारावर थेट परिणाम न करणारा घटक म्हणून, वापरण्याचा मोह अनेकांना होतो, मलाही झाला होता. हा आखूड रस्ता धरू नका. इथला पुरवठा समुद्राइतकाच एफएसआय (भूखंडाच्या प्रमाणात किती बांधकाम करता येते याची मर्यादा), भाडेकायदा आणि 2007 पर्यंत राज्यात लागू असलेला नागरी जमीन कमाल धारणा कायदा यांनी अडवला होता, आणि एकाच शहरातल्या वॉर्डांची तुलना करताना समुद्र म्हणजे एक सोयही असते.

त्यापेक्षा सोडतींवरचे अभ्यास वाचा; तिथे घर कोणाला मिळणार हे केवळ चिठ्ठीवर ठरते, त्यामुळे विजेते आणि बाकीचे यांची तुलना सरळ करता येते. अहमदाबादमध्ये विडी कामगार स्त्रियांना 1987 मध्ये सोडतीने शहराबाहेर घरे मिळाली. बार्नहार्ट, फील्ड आणि पांडे यांनी चौदा वर्षांनंतरची स्थिती तपासली, तेव्हा विजेत्या कुटुंबांच्या उत्पन्नात फरक आढळला नाही आणि नातेवाइकांपासूनचा दुरावा मात्र वाढलेला होता. मुंबईत म्हाडाच्या सोडतीचा अभ्यास करताना तनू कुमार यांना विजेत्या कुटुंबांत शिक्षण आणि रोजगार सुधारलेले दिसले. इथल्या विजेत्यांना घर भाड्याने देण्याची मुभा होती, म्हणजे घराचा लाभ घेण्यासाठी कामाची जागा सोडणे भाग नव्हते. घर आणि काम यांतले अंतर हाच आपल्या विषयाचा गाभा आहे. म्हणूनच मुंबईचा श्रमबाजार मुंबईच्या दोन जिल्ह्यांत संपतो असे धरू नये. रोजगाराचे सर्वेक्षण माणसाला तो राहतो तिथे, कल्याणला किंवा वसईला, मोजते आणि त्याची नोकरी अंधेरीत असते.

मार्गदर्शक निवडताना नावापेक्षा एक गोष्ट पाहा: ते तुमची मूळ फाइल स्वतः उघडून चार ओळी वाचतात का. माझे पहिले मार्गदर्शक फक्त निष्कर्षांचा तक्ता पाहत असत. नंतरच्या मार्गदर्शकांनी पहिल्याच बैठकीत दहा दस्त मागितले आणि दोन तास माझ्यासोबत बसून वाचले. जुनी फाइल टाकून देऊ नका, असेही त्यांनीच सांगितले. मोबदला आणि ‘बाजारभाव’ यांतील तफावत कोणत्या विभागात वाढते आणि कोणत्या वर्षी कमी होते, हे त्या फाइलमधून नेमके काढता येत होते. माझ्या प्रबंधाचे तिसरे प्रकरण त्याच तफावतीवर आहे.