गॅस गिझर आणि बंद बाथरूम: या चुका टाळा

सोलापूरला थंडी मोजून दोन-अडीच महिने. पण दिवाळीच्या अभ्यंगस्नानापासून संक्रांतीतल्या गड्ड्याच्या यात्रेला आलेल्या पाहुण्यांपर्यंत, घरातला गॅस गिझर पहाटे एका दमात चार-पाच जणांचं पाणी तापवतो आणि घात होतो तो याच दिवसांत. घात करणारा वायू म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. त्याने डोळे चुरचुरत नाहीत की खोकला येत नाही.

"गॅस असता तर वास आला असता ना?" हा प्रश्न दरवेळी ऐकू येतो. वास येतो तो न जळलेल्या सिलिंडरच्या गॅसला, कारण त्यात मुद्दाम मर्कॅप्टन मिसळलेलं असतं. जळताना तेही जळून जातं. त्यामुळे वास नाही म्हणजे धोका नाही, हा हिशेबच चुकीचा आहे.

गिझर बाथरूमच्या आत लावणे

बाकीच्या सगळ्या चुका हिच्याच पोटात आहेत. सहा लिटरचा गिझर पूर्ण आचेवर तासाला पाऊण ते एक किलो गॅस जाळतो. एक किलो गॅस नीट जळायला साधारण १२ घनमीटर हवा लागते. म्हणजे दहा मिनिटांत दीड ते दोन घनमीटर हवा संपली. आपलं ४ बाय ६ चं, आठ फूट उंचीचं बाथरूम जेमतेम साडेपाच घनमीटरचं. दार-खिडकी बंद असेल तर एकाच आंघोळीत जवळजवळ एक तृतीयांश हवा खर्ची पडते. हवेतला ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून १८ च्या खाली उतरला की ज्योत अर्धवट जळू लागते आणि कार्बन मोनॉक्साइड झपाट्याने वाढतो. पहिला माणूस बरा बाहेर येतो, दुसऱ्याचं डोकं जड होतं. तिसरा पडतो.

"एक्झॉस्ट फॅन आहे की!" हे त्यावरचं ठरलेलं उत्तर. जुळे सोलापूर भागातल्या एका फ्लॅटमध्ये नरक चतुर्दशीच्या पहाटे फॅन चालूच होता. दार पीव्हीसीचं, खाली रबरी पट्टी, थंडी नको म्हणून खिडकीच्या काचपट्ट्यांवर आतून वर्तमानपत्र चिकटवलेलं. फॅनने बाहेर टाकायचं म्हटलं तरी आत हवा यायला वाट हवी ना. ती नव्हतीच, त्यामुळे फॅन नुसता फिरत होता. पहिल्या दोघांची आंघोळ झाली. तिसरा, कॉलेजातला मुलगा, उटणं लावून डोकं धुवायला बसला. बादली भरून पाणी वाहतंय, पण हाकेला उत्तर नाही. कडी तोडावी लागली. ओढायला आत गेलेल्या आईच्याही पायातलं बळ गेलं. घरच्यांना आधी वाटलं शॉक लागला, मग वाटलं उपाशीपोटी चक्कर आली असेल. बोटाला ऑक्सिमीटर लावला तर आकडा ९८, म्हणून अर्धा तास कांदा हुंगवण्यात आणि लिंबू-पाण्यात गेला.

हा आकडा फसवा असतो. कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो आणि घरातलं ऑक्सिमीटर त्या दोघांत फरक करू शकत नाही. खरं कळतं ते दवाखान्यातल्या रक्ततपासणीत, तेही डॉक्टरांना "गॅस गिझर चालू होता" हे तुम्ही सांगितलंत तर. पहिलं वाक्य तेच सांगा. साध्या हवेत हा वायू अर्धा उतरायला चार-पाच तास लागतात, मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला तर साधारण दीड तासाच्या आत. तो मुलगा वाचला, कारण शेजाऱ्याने वेळेवर रिक्षा काढली.

उपाय एकच आणि त्यात तडजोड नको: गिझर ड्राय बाल्कनीत, मागच्या मोकळ्या बोळात किंवा गच्चीवर, पावसापासून आडोसा असलेल्या जागी. तिथून अर्धा इंची सीपीव्हीसी पाइपने पाणी आत आणा. पांढरा यूपीव्हीसी पाइप गरम पाण्याने मऊ पडतो, प्लंबरने तो आणला तर परत पाठवा. "पाणी गार होईल" म्हणून लोक कुरकुरतात. दहा फूट पाइपमध्ये अर्धा लिटरही पाणी मावत नाही! तेवढ्यासाठी आणि चार पैसे मजुरी वाचवायला जीव टांगणीला लावण्याची घाई मला आजवर समजलेली नाही. बिल्डिंगच्या वरून पत्रा टाकून बंद केलेल्या डक्टमध्येही गिझर नको. तिथला धूर वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याच्या खिडकीत जातो.

भाड्याचं घर आहे, गिझर हलवता येत नाही? मग दार-खिडकी उघडी ठेवून बादल्या भरा, गिझर बंद करा, पाच मिनिटं हवा खेळू द्या, मगच आत जा. आपण तसेही बादलीनेच आंघोळ करतो. आतून कडी लावू नका, दाराला खालून हवेची जाळी बसवून घ्या. काही गिझरना २० मिनिटांनी आपोआप बंद होण्याची सोय असते. तिच्यावर विसंबू नका, नळ पुन्हा सोडला की गिझर पुन्हा पेटतो.

"पित्त झालंय" म्हणून सोडून देणे

आंघोळीनंतर डोकं ठणकणं, मळमळ, पाय लटपटणं आणि बाहेर मोकळ्यावर बसल्यावर बरं वाटणं. एकाच सकाळी घरातल्या दोघांना असं झालं तर ते पित्त नाही. गिझर त्याच दिवशी बंद ठेवा.

सफाई न करणे

ज्योत निळी हवी. पिवळी दिसली, वरच्या झाकणावर काजळी धरली, तर ज्वलन बिघडलंय. सोलापुरात याची दोन नेहमीची कारणं. घरात किंवा खाली यंत्रमाग असेल तर टॉवेल-चादरीच्या सुताची बारीक धूळ बर्नरच्या हवेच्या भोकांत आणि तांब्याच्या पंखांत (ज्योतीवरच्या पातळ पट्ट्यांत) बसते आणि हवेची वाटच अडते. अशा घरी वर्षातून दोनदा बर्नर आणि पंख ब्रशने साफ करून घ्या. इतरांनी दिवाळीआधी एकदा. दुसरं म्हणजे बोअरचं जड पाणी. क्षार नळीत आतून धरतात, पाणी नीट तापत नाही, मग लोक आच वाढवत बसतात. मेकॅनिककडून सायट्रिक ॲसिडने क्षार काढून घ्या. आच वाढवणं हा उपाय नव्हे.

बाकीच्या, थोडक्यात

भट्टीचा हाय-प्रेशर रेग्युलेटर गिझरला लावू नका. घरगुतीच हवा.

साधी रबरी नळी नको. आयएसआय मार्कची सुरक्षा नळीच वापरा आणि पाच वर्षांनी बदला.

गिझरचे सेल उतरले की ठिणगी उशिरा पडते आणि जमलेला गॅस भप्पकन पेटतो. दोन्ही सेल एकदमच बदला.

टाकीच्या पाण्याला दाब नाही म्हणून गिझर पेटत नसेल तर छोटा पंप लावा. पाण्याच्या दाबाने गॅस सोडणाऱ्या आतल्या पडद्याची सेटिंग बदलून देतो म्हणणाऱ्याला हात लावू देऊ नका.

एलपीजी गळतीचा अलार्म कार्बन मोनॉक्साइड ओळखत नाही. त्याचा अलार्म वेगळा मिळतो. तो डोक्याच्या उंचीवर, पण बाथरूमबाहेर लावा, कारण आतल्या वाफेने सेन्सर खराब होतो.

आत कोणी पडलंच तर आधी दार सताड उघडा, दुसऱ्याला सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करायला पिटाळा, श्वास रोखून माणसाला ओढून मोकळ्या हवेत आणा आणि १०८ ला फोन करा. शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्या. तोंडात पाणी घालू नका.